वखारीमागचा हिरवा ठिपका

दार लोटून घ्या आधी, डास येतात. आणि तू, तो मोबाईल पालथा ठेव, नाहीतर मी आपला झोपतो. भुताची गोष्ट हवी ना? मग ऐका. मी त्या ऑफिसात जीप चालवायचो, ज्या दोघांची ही गोष्ट, त्यांना रोज मागच्या सीटवर घेऊन फिरायचो. उगाच इकडून तिकडून ऐकलेलं सांगत नाही.

ऑफिस होतं डासांचं. जंगलातल्या माकडांना एक ताप असतो. डास माकडाला चावला आणि मग माणसाला चावला, की ताप माणसात आलाच म्हणून समजा. कुठल्या वस्तीला किती धोका, त्याचा नकाशा करायचा हे आमचं काम. धोका असेल तिथे लाल ठिपका, नसेल तिथे हिरवा. लाल पडला की फवारणी, जाळ्या, डॉक्टर. हिरवा पडला की तिकडे कुत्रंही फिरकत नाही.

रानात सापळे लावायचा तो बॅटरी. वर दिवा, मध्ये पंखा, खाली जाळीची पिशवी असा तो सापळा, आणि ह्याच्या खांद्यावर कायम बॅटरी, म्हणून ते नाव. नकाशावर ठिपके द्यायचा तो रंगारी. दोघं सख्खे साडू, बॅटरी थोरला, रंगारी धाकटा! सासूबाई उठता-बसता 'धाकटे जावई, धाकटे जावई'. पेपरात फोटो धाकट्याचा. बढतीही धाकट्यालाच. थोरल्याचा नुसता जळफळाट. "चिखलात रात्रभर मी उभा राहतो काका," मला म्हणायचा, "आणि हा बसलाय आयत्या बिळावर नागोबा."

एकदा मीटिंगमध्ये रंगारी म्हणाला, "दादा, माझा अंदाज आहे, ताप बाहेर पडणार तो लाकडाच्या वखारीमागच्या डबक्यापाशी. तिथे सापळा लावाल?" डबक्याला लागूनच मजुरांची चाळ. पोरंबाळं उघड्यावर झोपायची.

बॅटरीनं सापळा लावला. पिशवी गच्च भरली. धाकट्याचं पुन्हा खरं ठरणार म्हणताना ह्याच्या पोटात असं काही दुखलं, की परत येताना त्यानं ती पिशवी रस्त्यातच झटकली. हे मला त्यानं फार उशिरा सांगितलं. ऑफिसात म्हणाला, "रिकामा." ठिपका हिरवा पडला.

रंगाऱ्याचं समाधान होईना. जुलैत स्वतः गेला डबकं मोजायला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. मी विचारलं, "अरे, अंगाला काही लावलंस का?" तर हसून म्हणतो कसा, "हिरव्यात कसली भीती काका?" बॅटरी शेजारीच बसला होता. त्याची जीभ उचलली नाही.

त्याच महिन्यात रंगारी तापानं गेला.

ताप कुठून लागला ते कुणाला उमगलं नाही, ठिपका हिरवाच राहिला. टेबल-खुर्ची बॅटरीला मिळाली. पण चैन कुठली? घरी ह्याचीच बायको बहिणीच्या गळ्यात पडून रडायची, "असा माणूस पुन्हा होणे नाही." बॅटरी दात-ओठ खात म्हणायचा, "मेला तरी मोठा तोच!" मग त्यानं ठरवलं, डबक्याचा ठिपका लाल करायचा. स्वतः. स्वतःच्या नावानं.

फेब्रुवारीतला शेवटचा मंगळवार. रात्रीचे सव्वाबारा. वखारीची करवत बंद, चाळीतले दिवे विझलेले. बॅटरीनं झाडाला सापळा टांगला आणि दूर एका ओंडक्यावर बसला.

पंख्याची घरघर तेवढी.

थोड्या वेळानं... चट्.

अंगावर बसलेला डास मारावा, तसा आवाज. सापळ्याच्या बाजूनं.

"कोण आहे?"

काही नाही.

चट्.

टॉर्च मारला. झाड. सापळा. खाली मोकळी जमीन... माणूस नाही.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. डबक्याच्या काठी बसून घटका झाली. आणि आपल्याला एकही डास चावला नाही. एकही.

चट्... चट्.

"...रंगारी?"

आवाज थांबला.

पंखाही थांबला.

मग कितीतरी वेळ... काहीच नाही. आणि पंखा पुन्हा सुरू झाला. ह्यानं हात न लावता.

उजाडल्यावर पाहिलं, तर पिशवी डासांनी खचाखच. सगळ्यांची पोटं रक्तानं टम्म. त्यानं ती तशीच लॅबला पाठवली.

लॅबच्या मॅडमचा फोन आला तेव्हा आम्ही जीपमध्येच होतो. फोन स्पीकरवर होता.

"ताप सापडला हो. ठिपका लाल करा. पण सापळ्यापाशी बसलं कोण होतं? एकूण एक डासाच्या पोटात एकाच माणसाचं रक्त आहे."

"मीच होतो मॅडम."

"तुमचं नाही ते. स्टाफचे सगळे नमुने आहेत ना आमच्याकडे. मी तीनदा जुळवलं..."

"मग?"

"तुमच्या साडूंचं आहे. आणि ताजं आहे. डासाच्या पोटात रक्त आठवडाभरही टिकत नाही. मला... मला काही कळत नाहीये."

मी जीप बाजूला घेतली. बॅटरीनं फोन बंद केला. मग पिशवी झटकल्याचं, त्या रात्रीचं, सगळं सांगितलं. आणि शेवटी काय म्हणाला माहितीये?

"बघितलंत काका? सापळा मी लावला, रात्र मी जागवली... आणि ठिपका पुन्हा त्याचाच."

ठिपका लाल झाला. चाळीत जाळ्या लागल्या, पोरं वाचली. लॅबच्या फ्रीजमध्ये त्या डासांतल्या रक्ताची काचेची नळी अजून आहे. रक्त फेब्रुवारीतलं. नाव जुलैत गेलेल्याचं.