दाराच्या सेविकांचं पान

"पुस्तक कुठंय?"

ग्रंथालयाच्या तळघराचं दार ढकलून तिने थेट विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

बाइंडरने मान वर केली आणि... पुन्हा खाली घालायला विसरला. "शिकंज्यात दाबून ठेवलंय. आजच शिवलंय. वाळेपर्यंत हलणार नाही."

"आणि वाळल्यावर?"

"तरी बाहेर जाणार नाही. एकुलती एक प्रत आहे."

"मग मी रोज इथे येऊन वाचेन."

"या की... मी कुठे नको म्हटलं?"

तिला ख्रिस्ती ईशज्ञानात पीएच.डी. करायची होती. वडील चर्चचे राखणदार. दारं उघडायची, बाकं पुसायची, फरशी झाडायची. म्हणून महाविद्यालयातली शहाणी मंडळी तिला 'किल्ली' म्हणायची आणि पाठीमागे हसायची, "झाडणाऱ्याची पोर डॉक्टर होणार, तीही देवाची!" असल्यांना उत्तर देऊ नये. त्यांच्या टाळक्यात प्रबंध हाणावा.

विषय तिने घरातूनच उचलला होता. पहिल्या शतकांत चर्चच्या दाराशी उभ्या राहून बायकांना आत घेणाऱ्या सेविका. पुस्तक वाळून हाती आलं, तेव्हा त्यात एका जुन्या ख्रिस्ती मंडळीच्या सेवकांची मानाप्रमाणे ग्रीक यादी निघाली, आणि या सेविकांचं पान आलं होतं थेट वडीलजनांच्या पाठोपाठ. वाचकांच्या वर, गायकांच्या वर! त्या एका पानाच्या जागेवर तिने आख्खा आराखडा उभा केला.

तीन महिने ती येत राहिली. खिडकी रस्त्याच्या पातळीला होती. बाहेर लोकांचे नुसते पाय दिसायचे, कधी भिजलेले, कधी घाईतले. आत खळीचा वास आणि दोघं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. तो ग्रीक अक्षरं विचारू लागला.

"हे आकड्यासारखं काय?"

"डोकं एवढं जवळ आणू नकोस. अक्षर लांबूनही दिसतं."

"मला जरा कमी दिसतं..."

"सकाळी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवलास की!"

तो कानापर्यंत लाल झाला. ती वहीत बघून हसली.

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी समितीपुढची मुलाखत शुक्रवारी होती. गुरुवारी दुपारी ती खाली आली, तर तो उभाच.

"माझ्या हातून चूक झालीय," तो म्हणाला. "पानांचे आकडे उंदरांनी खाल्ले होते. मी डागाला डाग जुळवून फर्मे, घडीच्या पानांचे गठ्ठे, लावले. आज एका पानाच्या तळाची डागडुजीची कागदी पट्टी फुगली म्हणून सोडवली, तर खाली एक शब्द निघाला. पुढचं पान ज्या शब्दाने सुरू होतं, तो जुन्या पुस्तकांत आधीच्या पानाच्या तळाशी छापतात. तो जुळला नाही. तू शिकवलेल्या अक्षरांनीच वाचला. दोन फर्मे उलटसुलट शिवलेत मी. तुझ्या सेविका..."

"कुठे आहेत?"

"यादीत... सगळ्यांच्या शेवटी."

ती बसली आणि पुस्तक उघडून ते पान शोधू लागली.

"उद्या दहाला मुलाखत, आणि हे आज सांगतोस?"

"आज कळलं."

"नसतं सांगितलंस तर कुणाला कळलं असतं, गाढवा?"

"मला." मग फार हळू — "तू म्हणशील तर पट्टी परत चिकटवतो."

"आणि मग माझं तोंड बघशील?"

"बघेन. पण... आधीसारखं नाही."

ती उठली. डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत होता. "खबरदार पट्टीला हात लावलास तर! फर्मे नीट लाव. मी बघते काय करायचं ते."

शुक्रवारी समितीपुढे तिने स्वतःच्याच आराखड्यावर आडवी रेघ मारली आणि का मारली तेही सांगितलं.

समितीचे अध्यक्ष, मोठे सर, चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे तुमचा मुद्दाच पडला."

"पडला, सर. पण मोठा प्रश्न हाती लागला. ज्यांच्याशिवाय दारच उघडत नाही, त्यांचं नाव यादीत शेवटी का? आपल्या चर्चच्या फलकावर माझ्या वडिलांचंही शेवटीच आहे. रविवारी ते आले नाहीत, तर तुम्ही तिघंही रस्त्यावर उभे राहून उपासना कराल."

एक परीक्षिका खोकल्याच्या निमित्ताने हसली. मोठे सर हसले नाहीत.

"बाई, चूक तुम्ही लपवू शकला असतात."

"शकले असते. मग चार वर्षं खोट्यावर डोकं फोडलं असतं. त्यापेक्षा आज तुमच्यापुढे फुटलेलं बरं."

तासाभराने ती तळघरात आली. तो हातातलं काम टाकून पुढे धावला.

"काय झालं?"

"एक वर्ष दिलंय. नवा आराखडा, पुन्हा मुलाखत. जमलं तर पीएच.डी., नाहीतर घरी."

"माझ्यामुळे..."

"रडगाणं बंद! जमवणार आहे मी. आणि ऐक... तू मला आवडतोस. हे समितीला नाही, तुला सांगतेय, तेव्हा पुरावे मागू नकोस."

"मी... मला पहिल्या दिवसापासून..."

"ठाऊक आहे. सुईला पण ठाऊक आहे." तिने खुर्ची ओढली, वही उघडली आणि डावा हात टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "वर्ष फार लहान आहे. त्यातली पाच मिनिटं तुझी. मग कामाला लागायचं."

त्याने तो दोन्ही हातांत धरला. पाच मिनिटं झाली तरी सोडला नाही. सहावं मिनिट सुरू झालं तेव्हा ती उजव्या हाताने लिहायला लागली होती.