नवरी गोरी

ऋजुता स्टुडिओत शिरली ती भांडायलाच. वैशाखातली दुपार, पण तिने घाम पुसला नाही की पंख्याखाली बसली नाही. लग्नाची सीडी तिने टेबलावर आपटली.

"ही कोण?"

संगणकापुढचा मुलगा दचकला. "कोण... म्हणजे?"

"तेच विचारत्ये मी! लग्न माझ्या अवनीताईचं, केळशीला, आमच्याच अंगणात. आणि सीडीत ही पांढरीफटक बाई कोण बसवलीत?"

मुलाचं नाव वरद. रत्नागिरीतल्या कितीतरी लग्नांचं एडिटिंग त्याच्याच हातचं. त्याने सीडी लावली, आणि चक्क हसला. "अहो, हा आमचा 'नवरी गोरी'! प्रीसेट. लांज्याच्या एका लग्नात रंग झकास जमला, तो साठवून ठेवला. आता कुठलंही लग्न येवो, एक क्लिक, की नवरी गोरी. लोक खूश होतात."

"आम्ही सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला लागतं..."

"लागतं!" तिचा आवाज चिरकला. "जांभ्याचं अंगण गुलाबी केलंत. हळद लावल्ये की चुना, कळत नाही. आणि ताई... ती पुढल्या आठवड्यात मस्कतला चालली. आईला लेक बघावीशी वाटली, तर तिने ह्या परक्या बाईकडे बघून रडायचं?"

वरदचं हसू मावळलं. "बसा," तो हळूच म्हणाला. "काढतो."

त्याने 'नवरी गोरी' काढला, आणि चित्रात जीव आला. अंगण तांबडं झालं, चुडा हिरवागार झाला. भरती ओसरल्यावर ओली वाळू चमकते ना, तशी ताई सावळी, तकतकीत, हसरी. शेजारी करवली — तशीच सावळी, नाक वर करून उभी.

त्याने पडद्याकडे पाहिलं. मग बाजूला पाहिलं... जरा जास्तच वेळ. "ही तुम्ही?"

"मग कोण, लांज्याची? मी ऋजुता, करवली!"

"आता प्रत्येक शॉटचा रंग हाताने जुळवायला लागेल. वेळ जाईल."

"जाऊ दे. मी बसत्ये."

ती बसली. मांडवातली सावली, होमाचा धूर, ताईचे भरलेले डोळे — एकेक जागा ती दाखवत गेली, तो जुळवत गेला. मध्येच वीज गेली, केलेलं थोडं पुसलं गेलं. ती वीज मंडळावर चिडली, मग पुन्हा त्याच्यावर. तो मात्र मुकाट्याने, गालात हसत, पुन्हा जुळवत राहिला.

उन्हं कलली तेव्हा ताई ताईसारखी झाली. ऋजुताने डोळे टिपले. नवी सीडी तयार व्हायला लागली, तशी तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे नवं नाव होतं — 'ऋजुता'.

"हे काय?"

वरदचे कान लाल झाले. "करवलीचा रंग... छान जमला होता. म्हणून साठवला."

"म्हणजे उद्या येईल त्या नवरीला माझा रंग फासणार? इतका वेळ मी काय ओरडत होते?"

"कुणाला लावणार नाही. शप्पथ."

"मग साठवायचा कशाला?"

"बघायला..." तो पुटपुटला.

तयार झालेली सीडी ऋजुताने उचलून घेतली.

"पुसून टाक," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

त्याने पुसला. उदास होऊन विचारलं, "मग बघायचं कसं?"

सीडी छातीशी धरून ती दारापर्यंत गेली. वळली. कपाळावर आठी तशीच.

"केळशीला एसटी येते म्हटलं! आणि भर उन्हात ये... रंग नीट दिसतो."