नवरीच्या खोलीतली जाळी

लाइट गेली होती. वरणगावात मे महिन्यात घरात बसवत नाही, म्हणून आम्ही सगळे गच्चीवर. माझे चुलत आजोबा, हिलालनाना, मांडीवर उशी घेऊन बसले होते.

"भुसावळचा बन्सीलाल माझ्या चांगला ओळखीचा. एसीची कामं करतो. खोटं बोलणारा माणूस नाही."

"गोष्टीतला माणूस कधी खोटारडा असतो का, नाना?"

"सारिका, ऐकायचं नसेल तर खाली जा. उकडून घे."

भूषण, माझा भाऊ, खिदळला. मी बसून राहिले.

"दोन हजार तेवीस. चोवीस मे, बुधवारची रात्र. पारोळ्याजवळच्या एका मंगल कार्यालयात सकाळचं लग्न होतं. मालकाचा फोन आला, नवरीच्या खोलीत गारवा टिकत नाही, लगेच ये. बन्सीलालला कारण माहीत होतं. खाली हॉलला मोठी मशीन, छतातून डक्ट, म्हणजे हवेचा पत्र्याचा बोगदा. त्याची एक फांदी वर नवरीच्या खोलीत, तोंडाला जाळी. ती पुरेना म्हणून मालकाने तिथे वेगळा स्प्लिट एसी बसवला, पण फांदी बंद केलीच नाही. खालची मशीन थांबली की जाळीतून डक्टमधली गरम हवा खोलीत. जाळीवर पत्रा मारायचा, कडेने टेप लावायची, एवढंच काम.

"नवरीचं नाव दीपमाला. हळद लागलेली. पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, 'काका, त्या जाळीमांगे कोनीतरी श्वास लेस. मले खाले बायासमा झोपू द्या ना.' तिची आत्या कुंदाबाई दारातच उभी. 'हाळद लागेल शे. सकायलोंग उंबरठा वलांडाना नही!' सकाळपर्यंत खोलीबाहेर पाय नाही."

"का नाही?" मी विचारलं. "पोरगी घाबरली होती ना?"

"रीत असते, बेटा."

"मग त्या रीतीनं झोपायचं होतं तिथे."

नानांनी मांडीवरची उशी बाजूला ठेवली. पुढे बोलले तेव्हा आवाज खाली आला होता.

"कुंदाबाई म्हणाली, जाळीच बुजवा, म्हणजे पोरगी झोपेल. बन्सीलालने पत्रा मारला. शेवटचा स्क्रू पिळताना त्याच्या मानेवर हवा आली. गरम. मागे बघितलं, कोणी नाही. स्प्लिट खोलीतलीच हवा ओढतो आणि तीच परत सोडतो. बाहेरचं आत येत नाही. आतलं बाहेर जात नाही. आधीच आत आलेलं असेल, तर...

"खाली येऊन त्याने मोठी मशीन चालू केली. पाहुणे झोपलेले. हॉलच्या जाळीतून हवा आली. आणि...

"'काका.'

"तो थांबला.

"'काका, मी आठे शे... उघडा ना...' दीपमालाचा आवाज, जाळीतून. मी इथे आहे, म्हणत होती.

"धावत वर गेला. दार ढकललं. दीपमाला पलंगावर. उठून बसली. हसली. 'काय झालं, काका? आता छान वाटतंय.' मघाशी श्वास अडकत होता पोरीचा. आता... पापणीही हलत नव्हती.

"पत्रा उघडायला त्याने पेचकस काढला. ती म्हणाली, 'उघडू नका.' तेवढ्यात कुंदाबाई आली. बापही आला. बन्सीलालने सांगितलं, पोरीचा आवाज खालच्या जाळीतून येतोय. 'लग्नघर शे, बन्सीभाऊ. अभद्र बोलू नको.' पेचकस काढून घेतला. दंडाला धरून खाली आणलं."

"आणि तो आला?" मला राहवलं नाही.

"एकटा होता."

भूषण माझ्याजवळ सरकला.

"मशीन बंद केली. आवाज थांबला. पण ती... ती कुठे जाणार? पुन्हा चालू केली. 'काका...' पुन्हा बंद. पुन्हा चालू. पहाटेपर्यंत तेच. मग हाकही नाही. फक्त श्वास.

"सकाळी लग्न लागलं. नवरी गेली. कोणाकडे वळून न बघता. त्यानंतर बन्सीलालने पत्रा उघडला. आत धूळ. बाकी काही नाही."

"संपलं?" भूषणने विचारलं.

"यंदा मालकाने ती मशीन भंगारात दिली. हॉलमध्येही स्प्लिट बसवले. डक्ट तेवढा छतात राहिला, दोन्ही टोकं, मशीनकडचं आणि नवरीच्या खोलीतलं, सिमेंटने बुजवून. मागच्या महिन्यात मी तिथे एका लग्नाला गेलो होतो. हवा येते का बघायला हे लोक जाळीला कागदाची पट्टी बांधतात ना, तशी एक हॉलच्या जुन्या जाळीला राहून गेलीय. जेवताना वर बघितलं. स्प्लिट बंद. पंखे बंद.

"पट्टी आत ओढली जायची...

"बाहेर यायची...

"आत..."