पाण्याचा गोळा

घरात मला शंकासुर म्हणतात. गॅस बंद केला की नाही हे मी तीनदा बघते. एमआरआय काढणाऱ्या बाईला ते शोभतं, असं माझं मी ठरवून टाकलंय.

दादाच्या मेंदूत डाव्या बाजूला हळू वाढणारी गाठ होती. ऑपरेशनमध्ये वाचा जायची भीती, म्हणून डॉक्टर दर सहा महिन्यांनी नुसती मोजत होते. आधी एकोणीस मिलिमीटर. मग सतरा. मग पंधरा. वहिनीचा आनंद गगनात मावेना. मला मात्र पटेना. औषधपाणी काही नसताना गाठ आपण होऊन आटेल कशी? चूक मशीनचीच असणार.

मशीन तपासायला आम्ही रोज सकाळी त्यात पाण्याने भरलेला प्लास्टिकचा गोळा ठेवतो. पडद्यावर एकसारखी राखाडी चकती दिसली की झालं, तिच्याकडे निरखून कुणी बघत नाही. बुधवारी मी निरखलं. आत ठिपका होता. ठिपका म्हणजे बुडबुडा. वहीत लिहायचं आणि पाणी बदलून घ्यायचं, ही पद्धत. मी लिहिलं.

दुपारी दादाचा नंबर होता. घाबरल्यास दाबायचा रबरी बल्ब त्याच्या हातात दिला आणि त्याला आत सरकवलं.

"आज तरी विश्वास ठेव, शंकासुर," तो म्हणाला.

पहिली चित्रं आली. तेरा.

शेजारच्या पडद्यावर सकाळचा गोळा अजून तसाच होता. बुडबुडा वर चढतो, काळा दिसतो. हा ठिपका राखाडी होता, मध्यापासून जरा डावीकडे. मी तो मोजला. सहा.

गोळ्याच्या जुन्या तपासण्या उघडल्या. सहा महिन्यांपूर्वी चार. वर्षापूर्वी दोन. त्याआधी स्वच्छ पाणी.

बल्ब वाजला.

"कुणी पाणी ओततंय का गं?" स्पीकरवर दादाने विचारलं.

बेसिन तीन दारं पलीकडे होतं. मी धावले. माझा सहकारी रिकामा गोळा पुसत होता.

"तूच लिहिलंस ना वहीत?" तो म्हणाला.

माझ्या शंकेचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

परत येऊन पुन्हा चित्रं काढली. तीनदा मोजलं.

एकोणीस.

दादाला बाहेर काढलं.

"काय गं, अजून आटली ना?" त्याने हसत विचारलं.

उशी डाव्या कानाखाली ओली होती.