कणगीत कोण होतं

रूपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाचोडला आली, अन् तिथंच सगळं फिसकटलं. सासरी होती तोवर तब्येत कशी ठणठणीत! माहेरी पाऊल टाकलं आणि रक्तदाब असा चढला की गोळ्यांना दाद देईना. म्हणून सातव्या महिन्यात आई, सत्यभामा, तिला घेऊन शहरातल्या दवाखान्यात आली. तपासायचं, गोळ्या बदलून घ्यायच्या अन् एसटीनं परत, एवढंच साधं काम.

पण नंबर लागेस्तोवर दिवस कलला, आणि पोटातलं बाळ हलायचं थांबलं.

"आज गावचा बाजार ना गं?" रूपानं हळूच विचारलं.

"व्हय," सत्यभामानं मान फिरवली.

बाजारच्या दिवशी दिवेलागणीला रूपाचा बाप कडुबा पिऊन घरी यायचा. हाताला लागेल त्यानं मारायचा, मेला! त्याचा खोकला गल्लीत वाजला की सत्यभामा पोरीला उचलून ज्वारीच्या कणगीत उतरवायची आणि वरून झाकण ठेवायची. आत धान्याचा कोंदट वास, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार, अन् श्वास रोखून बसलेलं एवढंसं पोर. कडुबाला मरून वर्षं लोटली. पण हे रूपाच्या अंगाला कोण समजावणार?

डॉक्टर विशाखा मॅडमनी दिवा मालवून सोनोग्राफी लावली. पडद्यावर बाळ दिसलं आणि त्यांचा हात जागीच थांबला. गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात कानावर घट्ट... दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. ठोके तेवढे धावत होते.

"लहानपणची भीती अंगात मुरते, मावशी. मोठेपणी अशी दुखणं होऊन वर येते," सत्यभामाकडून कणगीचं सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या. "दाब उतरला नाही तर बाळ आजच काढावं लागेल. फार लहान आहे ते... वाचेलच असं नाही सांगत मी."

सत्यभामा वाकली. लेकीच्या पोटाशी तोंड नेऊन, झाकण काढताना म्हणायची तेच कुजबुजली, "गेला गं बाई त्यो... ये भाईर."

अन् काय सांगू तुम्हाला! बाळानं कानावरचा हात काढला. पाय ताणले. रूपाच्या दंडाला लावलेल्या यंत्रावर दाब उतरत गेला. मॅडम तोंडात बोट घालून बघत राहिल्या, अन् सत्यभामाला रडू फुटलं.

दुसरी मूठ मात्र मिटलेलीच होती.

"आई, कणगीत माझं बोट कुणीतरी धरायचं," रूपा पडद्याकडं बघत म्हणाली. "लई इवला हात होता. तू म्हणायचीस, भास आहे."

मॅडम पडद्यावरच्या त्या मुठीकडं वळल्या. "मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या पुढच्या लेकरांचं बीज तिच्या पोटात असतं, रूपा. तू कणगीत होतीस तेव्हा हे बाळही..."

रूपाचे डोळे भरले. म्हणजे त्या अंधारात ती एकटी नव्हतीच कधी!

तेवढ्यात पडद्यावरची मूठ आणखी आवळली. रूपा कळवळली. चादरीवर ठेवलेलं तिचं बोट कुणी पिळावं तसं लाल झालं होतं.

"आई... खरंच गेला ना गं तो?"

"गेला म्हनलं ना," सत्यभामा म्हणाली. ती केव्हाच उठून, कडुबाला अडवावं तशी दाराला पाठ लावून, पाय रोवून उभी होती.