प्रयागबाईंच्या दारावरचं कुलूप

"मी घरातच होती गा, अन् सरकारी लोकं माझ्या घराले कुलूप होतं म्हणून राहिले!"

प्रयागबाई खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलल्या. ऐकणारे दोघे होते. एक, खासगी तपासाचं काम करणारी शामला मेश्राम आणि दुसरा तिचा मदतनीस कवडू. कवडूने अठरा वर्षं बसची कंडक्टरकी केली होती. चेहरा पाहून विनातिकीट प्रवासी ओळखतो, असा त्याचा दावा होता आणि तो बहुतेक वेळा चुकायचा.

प्रकरण साधं दिसत होतं. बस्तीतल्या जुन्या रहिवाशांना राहत्या जागेचे पट्टे, म्हणजे हक्काचे सरकारी कागद, मिळणार होते. मे महिन्यात सर्व्हे झाला. ज्या घरात माणूस भेटला, त्या दारावर नंबर पडला. प्रयागबाईंच्या नावापुढे शेरा पडला, 'घर कुलूपबंद, रहिवासी नाही.' हरकत घ्यायला सर्व्हेपासून आठ दिवस होते, ते परवा संपले. बाईंना हे कळलं काल, अंतिम यादी लागल्यावर. आता पट्टा नाही, म्हणजे जागा खाली करायची.

"नंबर पडला नाही, तेव्हाच काहून नाही विचारलं?" कवडू म्हणाला.

"मारोतराव म्हणे, राहिलेल्या घरांसाठी परत येतील. समोरच राहते तो. त्याचा शब्द आमच्यात कोणी मोडत नाही. पंधरा वर्षांमागं बस्ती तोडायले आले, तवा त्याच्याच युक्तीनं वाचलो. बाहेरून कुलपं, अन् आम्ही आत श्वास धरून. बंद घर पंचनाम्याबिगर तोडत नसत."

"सर्व्हेच्या वेळी तुम्ही काय करत होतात?" शामलाने विचारलं.

"बीपीची गोळी घेऊन झोपली होती. कूलर सुरू होता. उठली तर दाराले कुलूपबिलूप काही नव्हतं."

सर्व्हे करणारी रितिका ऑफिसात भेटली. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. दारावर मोठं पितळी कुलूप, काळ्या वंगणाने माखलेलं. उंबऱ्याशी बाईच्या चपला.

"मी तीनदा हाक मारली, मॅडम. मागून कोणीतरी म्हणालं, बाई गावाले गेली. पुरुषच होता. पण उन्हामुळे तोंडाला दुपट्टा बांधलेला."

"तुम्ही कशाने गेला होतात?"

"आमची जीप बंद पडली होती. अतिक्रमणं तोडणाऱ्यांची गाडी मिळाली. लोक जरा बिचकले, मग आम्ही समजावलं."

कवडूला गाडीत काही रस नव्हता. त्याचं विनातिकीट गिऱ्हाईक ठरलं होतं. प्रयागबाईंच्या भिंतीला भिंत लागून राहणारी गोपिका. तिला एक खोली वाढवायची होती, हे अख्ख्या बस्तीला ठाऊक होतं.

"भिंत सरकवायची होती ना, वहिनी?" त्याने तोंडावरच विचारलं.

गोपिकाच्या हातातला डबा तसाच राहिला. "प्रयागबाईसाठीच भाकर नेऊन राहिली, भाऊ," एवढंच ती म्हणाली.

नंतर गिरिधर, जागांचा दलाल. तो हसला. "बाईचं घर मले घ्यायचंच होतं. पण पट्टा नसलेलं घर घेऊन मी काय चुलीत घालू?"

शेवटी मारोतराव. इतवारीच्या बाजारात आयुष्यभर हातठेला ओढून वाकलेला माणूस. ठेला विजेच्या खांबाला सुतळीने बांधलेला होता आणि चाकात साखळी नुसतीच लोंबत होती.

"साखळी असून सुतळी कशाला, बाबा?" शामला म्हणाली.

"कुलूप हरपलं." त्याने मान वर केली नाही.

संध्याकाळी शामलाने सगळ्यांना प्रयागबाईंच्या खोलीत बसवलं. कवडू दाराशी उभा राहिला, गिरिधरने पळ काढू नये म्हणून.

"आपण विचारत होतो, घर जाण्यात फायदा कोणाचा," शामला म्हणाली. "कोणाचाच नाही. गिरिधरला पट्टा असलेलं घर हवं होतं. गोपिकाताईंवर संशय होता, पण खाली झालेली जागा सरकारकडे जाते, त्यांना मिळत नाही; आणि रितिकाशी बोलला तो पुरुष. मग मी उलटं विचारलं. घर वाचवावं असं कोणाला वाटलं?"

शामलाने घरघरणारा कूलर बंद केला.

"त्या दिवशी तोडणाऱ्यांची गाडी गल्लीत शिरली. बाकी घरांपुढे बाया उभ्या होत्या. इथे मात्र बाई झोपलेली. एका माणसाला पंधरा वर्षांपूर्वीचं आठवलं. त्याच्याकडे एकच कुलूप होतं. चाकाच्या वंगणाने माखलेलं, ठेल्याचं. त्याने ते दाराला लावलं आणि बाई गावाला गेली म्हणून सांगितलं. गाडी गेल्यावर काढलं. तेव्हा त्याला दिसलं, की प्रत्येक दारावर नंबर पडलाय, त्याच्या स्वतःच्याही; गाडी तोडायला आलीच नव्हती."

मारोतरावने उपरण्यात गुंडाळलेलं पितळी कुलूप काढून जमिनीवर ठेवलं. "ठेल्याले लावायले हात होत नाही, पोरी."

"कुलूप लावलंत ती चूक होती, बाबा. तेव्हाच बोलला असतात तर एका अर्जावर काम झालं असतं."

"कोणत्या तोंडानं सांगू? अख्खी बस्ती म्हणते, मारोतरावनं घरं वाचवली. वाटे, येतील परत. रोज वाटे."

प्रयागबाईंनी कुलूप उचलून पाहिलं. "आठ दिवस," त्या म्हणाल्या. "आठही दिवस तू माझ्याकडं चहा पेला गा."

मारोतराव रडू लागला. त्याला कोणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शामलाने त्याचं लेखी निवेदन घेऊन ऑफिस गाठलं. तिथला साहेब भला होता. त्याने सगळं वाचलं, हळहळला आणि म्हणाला, यादी बंद झाली; पुढचा टप्पा कधी, ते त्यालाही माहीत नाही.

हे सांगायला कवडू बस्तीत गेला. आधी गोपिकाच्या दाराशी थांबला. माफी मागायची होती, पण "पाणी देता का?" एवढंच तोंडातून निघालं. तिने गडवा भरून दिला. पाणी पिताना त्याला स्वतःची फार लाज वाटली.

प्रयागबाई भर उन्हात उंबऱ्यावर बसल्या होत्या. दार सताड उघडं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आतून पेचकस आणून त्याच्या हातात दिला.

"हा कडी-कोयंडा काढून टाक गा."

"मग घर बंद कसं करणार, मावशी?"

"करतच नाही. ते परत आले तर मी दिसली पाहिजे."

स्क्रू गंजले होते. कवडूला ते काढायला बराच वेळ लागला. समोरच्या घरातून मारोतराव हे सगळं पाहत होता. चहाची वेळ टळून गेली, पण तो गल्ली ओलांडून आला नाही.