चकचकीत गोळा

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. त्या वर्षी वाऱ्याच्या बोगद्यात एक तोफगोळा हरला आणि एका मुलीची अब्रू पणाला लागली.

बोगदा म्हणजे लांबलचक लाकडी पेटी. एका टोकाला पंखा, मध्ये टांगलेलं गोळ्याचं पितळी मॉडेल, आणि हवा त्याला किती अडवते ते दाखवणारा काटा. कारखान्यात सगळे जिला धाकटी म्हणत, तिने शेपटीकडे निमुळता होणारा गोळा आखला होता. सरावात काटा जेमतेम हलला. पाहुण्यांसमोर मात्र तोच काटा जुन्या बोथट गोळ्याच्या वेळेपेक्षाही पुढे पळाला.

“आधीचे आकडे खोटे होते,” साहेब म्हणाले. “आणि तपासून ठेवलेल्या मॉडेलला हात लावणाऱ्याची नोकरी जाते, म्हणून कुणावर ढकलू नकोस. संध्याकाळपर्यंत खुलासा दे, नाहीतर उद्यापासून घरी.”

धाकटीने चष्मेवालीला बोलावलं. खाजगी तपास करणारी ही बाई दिराला घेऊन आली. गाडी भावोजी चालवत, डोकं ती.

“गोळ्यात खास काय होतं?” तिने विचारलं.

“पोटाभोवती लाखेने चिकटवलेली बारीक वाळूची कड. कल्पना चोरीला जाईल म्हणून कुणाला सांगितली नाही, आराखड्यातही दाखवली नाही. आता ती गायब आहे.”

“चोर सापडला!” भावोजी पुटपुटले. “बोथट गोळा ज्याचा, तो.”

तो गोळा उपसाहेबांचा होता. “ती हरली, मला बरं वाटलं,” ते म्हणाले. “पण गुळगुळीत गोळा जास्त अडतो, हे कुणाला स्वप्नात तरी सुचेल का?”

चष्मेवाली फळीवरच्या त्यांच्या मॉडेलकडे पाहत होती. तेही लखलखत होतं. दाराची कडीसुद्धा.

लेथवर धाकटीचे सख्खे काका उभे होते. “मॉडेलला बोल लावू नका हं! दोन्ही गोळ्यांत तोंड दिसत होतं.”

चष्मेवालीने सगळ्यांना बोगद्यापाशी जमवलं.

“वैरी असता, तर फक्त हिचा गोळा घासला असता. इथे दोन्ही घासलेत, कडीही. कडेचं गुपित घासणाऱ्याला ठाऊकच नव्हतं.”

“मग तो वेडाच म्हणायचा, वहिनी!”

“वेडाच. मायेने वेडा. पाहुणे नावं ठेवू नयेत म्हणून राबलेला.”

धाकटीने गोळ्याच्या पोटावर बोट ठेवलं. “खरखरीत कडेवर हवा खवळते, आणि खवळलेली हवाच शेपटीला धरून राहते. कड गेली की हवा आधीच सुटते, गोळ्याला मागे ओढते.”

काकांचा चेहरा उतरला. “मला वाटलं, कचरा चिकटलाय गं.”

“काका, गप्प बसा!” ती ओरडली. “नोकरी जाईल.”

“तुझी जाण्यापेक्षा बरी.” ते साहेबांकडे वळले. “हात मी लावला.”

नवी कड चिकटवली. काटा जेमतेम हलला.

काका त्याच संध्याकाळी डबा घेऊन घरी गेले ते कायमचे. उपसाहेबांनी आपल्याही गोळ्याला कड लावली आणि पुढे साहेब झाले. भावोजींना गाडी न पुसायला आयतं कारण मिळालं. चष्मेवालीने ते कधी मानलं नाही. धाकटी प्रत्येक आराखड्यात कड लाल शाईने काढू लागली. तिचे गोळे पुढे लढाईत गेले.

भेटायला गेली की काका विचारत, “लांब जातो ना गं आपला गोळा?”

“जातो, काका.”

कुठे पडतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारतील या धास्तीने ती दर वेळी लवकर निघायला उठायची.